काटा खोटे बोलतो तेव्हा



2021 सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट आहे. त्या वर्षी आमच्या सीमाभागात दिवाळी उलटून गेली तरी पावसाने पाठ सोडली नव्हती. एका रविवारी मिस्सा आटोपून मी चर्चच्या मागच्या अंगणात आलो, तो वेदीवरची धुऊन वाळत घातलेली पांढरी वस्त्रे दोरीवर दिसली, आणि त्यांच्यावर मोहरीएवढे काळे ठिपके पडलेले दिसले. बोटाने पुसावा तर ठिपका फरपटत जाऊन रेघ उमटे. शेजारच्या घरी अंगणात भात पसरले होते, त्यावरही तोच थर होता. गावातल्या कोणालाही त्याचे कारण विचारावे लागले नाही. तीन किलोमीटरांवरच्या साखर कारखान्याचे गळीत सुरू होऊन पंधरवडा झाला होता आणि धुराड्यातून निघणारा धूर, एरवी जो विरळ पांढुरका असे, तो चार दिवसांपासून काळपट झाला होता.

त्याच दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्या कारखान्यात तो विजेच्या विभागात काम करतो. चेहरा उतरलेला होता. "सर, गाव आम्हांला शिव्या देते आहे आणि आमचे साहेब म्हणतात की रोहित्र जळाले, नवे मागवा. मला ते पटत नाही; पण का पटत नाही हे सांगता येत नाही." त्याने मोबाइलवर नोंदवहीची छायाचित्रे काढून आणली होती. ती समोर ठेवून आम्ही जे गणित केले, त्याविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. गणित आठवी-नववीच्या मुलालाही झेपेल असे आहे. परंतु त्याच्या आधी हे यंत्र काय असते ते थोडक्यात सांगणे प्राप्त आहे.

उसाचा रस काढून घेतल्यावर जे चिपाड उरते, त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. तेच बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज निर्माण करतात. जळताना त्याची हलकी राख धुराबरोबर वर निघते. ती अडविण्यासाठी बॉयलर आणि धुराडे यांच्यामध्ये एका मोठ्या पोलादी कोठीत लोखंडी पत्र्यांच्या उभ्या भिंती टांगलेल्या असतात. दोन भिंतींमध्ये साधारण 30 ते 40 सेंटिमीटर अंतर असते, आणि मधोमध तारा लोंबत असतात. पत्रे जमिनीशी जोडलेले, तर तारांना हजारो व्होल्टांचा ऋण दाब दिलेला. तारेच्या भोवतालची हवा या दाबाने भारित होते, अंधारात पाहिल्यास निळसर झळाळी दिसते. राखेचे कण त्या भाराने भारले जातात आणि पत्र्याकडे ओढले जाऊन त्यावर बसतात. ठराविक वेळाने हातोडे पत्र्यांवर पडतात, राख झडून खालच्या नरसाळ्यात जमते. ऋण दाबच का, असे आपण विचाराल. धन दाबापेक्षा ऋण दाबात ठिणगी उडण्याआधी दाब अधिक चढविता येतो, म्हणून. शास्त्रीय भाषेत याला स्थिरविद्युत धूलिसंग्राहक म्हणावयाचे. कामगार मात्र सरळ 'ईएसपी' म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे, आणि ती प्रथम फसली होती हे आजच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. 1885 च्या सुमारास सर ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून उत्तर वेल्समधील बॅगिल्ट येथल्या शिशाच्या कारखान्यात असा प्रयोग झाला. दाब निर्माण करण्यासाठी हाताशी होते ते काचेच्या तबकड्या फिरवून वीज उत्पन्न करणारे विमशर्स्ट यंत्र. त्याची कुवत अपुरी पडली, आणि शिशाची धूळही अशा संग्रहाला फारशी अनुकूल नव्हती. प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे वीसएक वर्षांनी कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांनी रोहित्र आणि फिरता यांत्रिक एकदिशकारक वापरून भरवशाचा उच्च दाब मिळविला, आणि 1908 मध्ये त्यांना त्याचे एकस्व मिळाले. तारा आणि पत्रे यांची मांडणी लॉज यांनाही ठाऊक होती. कॉट्रेल यांनी जे नवे आणले ते मुख्यतः दाब पुरविणारे साधन. या पेटंटांचे उत्पन्न स्वतःकडे न ठेवता कॉट्रेल यांनी 1912 मध्ये संशोधनाला साह्य करणारी संस्था काढली, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आज काचेच्या तबकड्या गेल्या. आपल्या 415 व्होल्टांच्या पुरवठ्यातून दोन थायरिस्टर प्रवाह हवा तेवढा कापून देतात. एक लोहगाभ्याची गुंडाळी त्या प्रवाहाला लगाम घालते. मग रोहित्र दाब चढविते आणि सिलिकॉनचे एकदिशकारक त्याला एकाच दिशेने वाहावयास लावतात. रोहित्र व एकदिशकारक एकाच तेलाच्या टाकीत बुडविलेले असतात आणि ही टाकी ईएसपीच्या माथ्यावर, उघड्या आभाळाखाली बसविलेली असते. खाली नियंत्रण-कक्षात पॅनेलवर चार आकडे दिसतात. टाकीत शिरणारा दाब व प्रवाह हे दोन, आणि टाकीतून निघणारा दाब व प्रवाह हे दोन. पहिला दाब व्होल्टांत, दुसरा किलोव्होल्टांत. पहिला प्रवाह अँपिअरमध्ये, दुसरा मिलिअँपिअरमध्ये.

बिघाड कोठे आहे, हे चौघांना एकत्र विचारल्याशिवाय कळत नाही. बहुतेक चुका होतात त्या एकट्या किलोव्होल्टाच्या काट्यावर विसंबल्याने. बाहेरचा दाब जवळजवळ शून्यावर आणि प्रवाह मात्र पुरेपूर, असे दिसले तर कोठीत तार पत्र्याला भिडली आहे, नाही तर नरसाळे भरून राख तारांच्या चौकटीपर्यंत चढली आहे, असे समजावे. काटा एका जागी न थांबता झोके घेत असेल तर तुटलेली तार वाऱ्याने हेलकावत आहे. याउलट दाब पुरा आणि प्रवाह जवळपास नाहीच, तर जोडणी कोठेतरी सुटली आहे, किंवा तारांवर राखेची पुटे चढून त्या काठीसारख्या जाड झाल्या आहेत. थंड कोठी सकाळी सुरू करताना दाब चढतो न चढतो तोच ठिणग्या उडू लागल्या, तर तारांचा भार पेलणाऱ्या चिनी मातीच्या आधारांवर दव बसले आहे. त्यांना ऊब देणारे हीटर रात्री चालू होते की नाही ते आधी पाहावे. मिनिटाला चार-दोन ठिणग्या हा काही रोग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. नियंत्रक ठिणगी उडताच दाब क्षणभर सोडतो आणि पुन्हा चढवितो. ठिणगीच्या उंबरठ्यावर राहूनच हे यंत्र उत्तम काम करते.

दोनपैकी एक थायरिस्टर मुका झाला, तर रोहित्राला एकाच दिशेचे धक्के बसतात, त्याचा गाभा चुंबकत्वाने तृप्त होतो आणि टाकी घोगऱ्या आवाजात कण्हू लागते. आत जाणारा प्रवाह भरमसाट, बाहेर मात्र फारसे काही नाही. हा आवाज एकदा ऐकलेला वायरमन पुन्हा कधी विसरत नाही. दगडी कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांत याहून निराळेच संकट असते. आपल्या देशी कोळशात गंधक कमी आणि राख फार. त्या राखेचा रोध इतका मोठा की पत्र्यावर बसलेला थर स्वतःच भारित होऊन आतून फुटू लागतो आणि उलट्या दिशेने भार सोडतो. तेथे प्रवाह वाढतो, दाब मात्र घसरतो, आणि यंत्र सशक्त असूनही राख सुटते. उपाय म्हणून तेथे दाब अखंड न देता थांबून थांबून देतात. बगॅसच्या राखेत न जळलेला कोळसा बराच असल्याने हा प्रकार आमच्याकडे सहसा उद्भवत नाही. म्हणून त्यात अधिक शिरत नाही.

आता आमच्या कारखान्याची हकिगत. धूर एकामागोमाग एक अशा तीन क्षेत्रांतून जातो आणि प्रत्येक क्षेत्राला स्वतंत्र टाकी आहे. बिघाड होता मधल्या क्षेत्रात. चालू केले की मिनिटभर चालावयाचे आणि 'दाब कमी' असा इशारा देऊन आपोआप बंद पडावयाचे. तीनपैकी एक बंद पडल्याने काय एवढे बिघडते, असे वाटेल. समजा, प्रत्येक क्षेत्र आपल्यापर्यंत आलेल्या राखेपैकी 85 टक्के अडविते. हजार किलो राख आली तर पहिल्यानंतर 150 किलो उरते, दुसऱ्यानंतर साडेबावीस, आणि तिसऱ्यानंतर साडेतीन किलोच्याही आत. मधले क्षेत्र बंद पडले की साडेतीनच्या जागी साडेबावीस किलो बाहेर. प्रत्यक्षात शेवटची राख बारीक असल्याने हिशेब इतका सरळ नसतो. पण वेदीवरच्या वस्त्रांवर ठिपके का पडले ते समजावयास एवढा पुरे.

विद्यार्थ्याने आणलेल्या नोंदी अशा होत्या. हंगामाच्या आरंभी मधल्या क्षेत्राचे चार आकडे: आत 250 व्होल्ट, 90 अँपिअर, बाहेर 45 किलोव्होल्ट, 300 मिलिअँपिअर. आता बंद पडण्यापूर्वीच्या मिनिटात: आत 250 व्होल्ट, 90 अँपिअर; बाहेर 18 किलोव्होल्ट, 300 मिलिअँपिअर. नरसाळे दोनदा रिकामे करून पाहिले होते. कोठीत उतरून तारा तपासल्या होत्या, एकही तुटलेली नव्हती. तेव्हा उरले रोहित्र, असा साहेबांचा निष्कर्ष.

मी त्याला म्हटले, "अरे, नववीत तुला शक्तीच्या अक्षय्यतेचा नियम शिकविला होता, तो आठवतो का?" तो हसला. आम्ही कागद घेतला. 250 गुणिले 90 म्हणजे साडेबावीस हजार. प्रवाह कापून दिलेला असल्याने त्यातला सगळाच भाग खऱ्या कामाचा नसतो. दोन तृतीयांश धरला तर 15 किलोवॉट टाकीत शिरतात. पूर्वी बाहेर काय पडत होते? 45 किलोव्होल्ट गुणिले 300 मिलिअँपिअर, म्हणजे साडेतेरा किलोवॉट. दीड किलोवॉट टाकीत उष्णता होऊन जातात, ते वाजवीच आहे. आता 18 गुणिले 300 म्हणजे 5.4 किलोवॉट. शिरतात पूर्वीइतकेच 15. मग राहिलेले जवळजवळ साडेनऊ किलोवॉट गेले कोठे? ते टाकीतच राहिले असतील तर स्नानाचे पाणी तापविणारे 2 किलोवॉटचे चार-पाच हीटर तेलात बुडवून ठेवल्यासारखे होईल. यंत्र मिनिटभरच चालते, तेव्हा तेल उकळणार नाही हे खरे. परंतु दिवसभरात ते वीस-पंचवीस वेळा सुरू केले होते. मी विचारले, "तेलाचे तापमान?" त्याने दुसरे छायाचित्र काढले. शेजारच्या टाकीपेक्षा ते उलट थोडे कमीच होते. शिवाय रोहित्राची गुंडाळी आतून जळाली असती, तर आत जाणारा प्रवाह पूर्वीइतकाच राहता ना.

चौघांपैकी तिघांची साक्ष पहिल्यासारखीच. एकटा किलोव्होल्टाचा काटा निराळे सांगतो, आणि त्याचे म्हणणे खरे मानावे तर साडेनऊ किलोवॉट शक्ती हवेत विरली असे मानावे लागते. तेव्हा दाब घसरलेला नव्हता. दाब मोजणारे साधन चुकत होते, आणि त्याच्या चुकीच्या सांगण्यावरून नियंत्रक निरोगी यंत्र बंद करीत होता.

45 हजार व्होल्ट कोणी सरळ मापकाला जोडीत नाही. टाकीत 80 मेगओहमांचा एक मोठा रोध उच्च दाबाला जोडलेला असतो. त्याच्या पायथ्याशी 10 हजार ओहमांचा लहान रोध जमिनीकडे जातो. दोहोंतून तोच सूक्ष्म प्रवाह वाहतो, आणि लहान रोधावर जे पाच-सात व्होल्ट दिसतात त्यावरून मोठा दाब ताडावयाचा. यात बिघडण्याच्या जागा दोनच. वरचा रोध वयोमानाने वाढला, तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवितो. खालचा रोध काही कारणाने घटला तरीही कमीच दाखवितो. 45 चे 18 झाले म्हणजे दोनपंचमांश झाले. खालचा रोध 10 हजारांऐवजी 4 हजार झाला असला पाहिजे, किंवा वरचा 80 चा 200 मेगओहम. वरचा रोध तेलात बुडलेला, सुरक्षित. खालचा बाहेर, टाकीच्या बाजूच्या छोट्या जोडपेटीत. आणि पाऊस तर पंधरा दिवस पडत होता.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शनिवारी रात्रीच्या पाळीत कोणीतरी सुचविले होते की 'दाब कमी' हा इशाराच तोडून टाकावा, म्हणजे यंत्र चालू राहील. या प्रसंगी कदाचित तसे करून निभावलेही असते, कारण इशारा खोटा होता. पण तो इशारा खरा असताना कोठीत तार पत्र्याला भिडलेली असते आणि रोहित्र पूर्ण प्रवाह ओतीत राहते. शिवाय खोट्या काट्यावर विसंबणारा नियंत्रक दाबाची वरची मर्यादा पाळू शकत नाही. 45 ला तो 18 समजत असेल तर 60 ला 24 समजेल. माझ्या विद्यार्थ्याने तसे करू दिले नाही. त्यावरून त्याला बरेच ऐकून घ्यावे लागले होते, हे त्याने चहा पिताना, जाता जाता सांगितले.

पेटी उघडण्याआधी काय करावयाचे हे त्याला मी काय सांगणार. त्यानेच मला सांगितले. पॅनेल बंद केल्यावर निघणारी किल्ली माथ्यावरच्या विलगक स्विचला लागते. तो जमिनीला जोडून फिरविला की दुसरी किल्ली सुटते, आणि तिनेच दारे उघडतात. किल्ल्यांची ही साखळी कोणी दुसऱ्या किल्ल्या घडवून तोडू नये. तारा आणि पत्रे मिळून एक प्रचंड धारित्रच होते. त्याची धारिता 50 नॅनोफॅरड धरली, तर 60 किलोव्होल्टांना त्यात 90 ज्यूल शक्ती साठते, आणि वीज बंद केल्यानंतरही ती काही काळ तेथेच असते. म्हणून लांब दांड्याचा भूसंपर्क आधी जमिनीला घट्ट जोडावयाचा, मग उच्च दाबाच्या टोकाला टेकवावयाचा, आणि काम संपेपर्यंत तेथेच अडकवून ठेवावयाचा. एकदा टेकवून काढून घेतला तर विद्युत्‌रोधकांत मुरलेला भार पुन्हा डोके वर काढतो. साध्या मल्टिमीटरने उच्च दाब मोजण्याचा मोह तर कोणीच करू नये. त्याची मजल हजार व्होल्टांपर्यंत असते.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास शाळेत त्याचा फोन आला. जोडपेटीच्या झाकणाची रबरी पट्टी फाटली होती. आत बोटभर पाणी, त्यात राखेचा चिखल. बगॅसच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. ती भिजली की वीज वाहू देते. तो चिखल लहान रोधाच्या दोन्ही जोडखुंटांवर पसरला होता. मापकाने रोध पाहिला तो 4 हजार 100 ओहम भरला. प्रवाह मोजणारा रोधही त्याच पेटीत, त्याच चिखलात. मग मिलिअँपिअरचा काटा कसा खरे बोलला? तो रोध अवघ्या 10 ओहमांचा. त्याला समांतर काही हजार ओहमांची गळती आली तरी त्याच्या आकड्यात फरक पडतो तो हजारात एक-दोनांचा. दहा हजार ओहमांच्या शेजाऱ्याला मात्र तीच गळती भोवली.

पेटी स्वच्छ पाण्याने धुऊन, गरम हवेने वाळवून, नवी पट्टी बसवून यंत्र चालू केले. आत 250 व्होल्ट, 90 अँपिअर. बाहेर 44 किलोव्होल्ट, 300 मिलिअँपिअर. नव्या रोहित्राची मागणी रद्द झाली. खालच्या रोधाचे टोक सुटले असते तर काय झाले असते, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला की मग पूर्ण दाब नियंत्रण-कक्षाच्या तारेवर येऊ पाहतो. ते होऊ नये म्हणून त्या रोधाला समांतर एक संरक्षक बसविलेला असतो, आणि तोही चिखलाने माखलेला असल्याने त्याने बदलून टाकला होता.

फोन ठेवण्यापूर्वी त्याने सांगितले की बाकीच्या दोन टाक्यांच्या पेट्याही त्याच वेळी उघडून पाहिल्या. तिसऱ्या क्षेत्राची कोरडी होती. पहिल्या क्षेत्राच्या पेटीत पाणी शिरले होते. मात्र ते अजून जोडखुंटांपर्यंत चढलेले नव्हते.